गुळाचे पाणी

क्रिसांतोने पळी पाकात बुडवून वर धरली आणि टोकाशी ओघळणारी तार पाहिली. तार तुटत नव्हती. त्याने पाकाचे थेंब गार पाण्याच्या वाडग्यात सोडले, बोटांनी त्यांची गोळी वळली आणि वाडग्याच्या काठावर आपटली. टक् असा आवाज आला. पाक तयार होता. तेवढ्यात त्याला एदेल्मिरा दिसली.

ती उसाच्या वाटेने खाली येत होती. डोक्यावर टोपी नव्हती, पायात घरातल्या चपला होत्या. एदेल्मिरा म्हणजे त्याच्या बायकोची, ओतिलियाची, धाकटी बहीण. ती त्यांच्याच घरात राहायची आणि टोपी घातल्याशिवाय कोंबड्यांना दाणे टाकायलासुद्धा बाहेर पडायची नाही. चरकावरच्या माणसाने तिला पाहिले आणि इंजिन बंद केले. खेचरांवरून ऊस उतरवणारे जागच्या जागी थांबले. चुलाणात चिपाडे जळत होती, तेवढाच आवाज उरला.

एदेल्मिरा छपराखाली येऊन खांबाशी उभी राहिली.

"दाजी," ती म्हणाली.

क्रिसांतोने तिच्याकडे पाहिले नाही.

"थांब," तो म्हणाला. "पाक आलाय."

पाक थांबत नाही. जरा उशीर झाला की करपतो, आणि मग दिवसभराचा ऊस डुकरांना घालावा लागतो. क्रिसांतोने लांब दांड्याची पळी घेतली. समोरून हाताखालच्या मिसाएलने दुसरी घेतली. दोघांनी काहील उपसून पाक लाकडी हौदात घातला. मग क्रिसांतोने तो घोटला, रंग उजळेपर्यंत घोटला, आणि साचे भरले. एकेक साचा त्याने फळीने सारखा केला. एवढा वेळ एदेल्मिरा खांबाशी उभी होती. कुणी तिला बस म्हटले नाही.

शेवटचा साचा सारखा झाल्यावर क्रिसांतोने हात धुतले आणि टोपी काढली.

"केव्हा?" त्याने विचारले.

"सकाळीच. इस्पितळातून यानेतचा फोन आला. ती ताईजवळ होती."

"काय झालं म्हणे?"

"काळीज. इतकं धावत होतं, म्हणे, की डॉक्टरांना आवरेना."

क्रिसांतोने मान हलवली. साच्यांवरून अजून वाफ येत होती. तो त्यांच्याकडे बघत राहिला.

"ह्या आधणाचा गूळ बाजूला ठेव," तो मिसाएलला म्हणाला.

"विकायचं नाही, दादा?"

"बाजूला ठेव म्हटलं ना."

मग तो एदेल्मिराच्या मागोमाग चढण चढू लागला. चरक पुन्हा सुरू झाला नाही.

ओतिलियाला साखरेचा आजार आहे हे त्या डोंगरावर सगळ्यांना ठाऊक होते. गुळव्याच्या बायकोला साखर नाही होणार तर कुणाला, असे लोक म्हणायचे. लोकांनी म्हणायच्या आत ओतिलिया स्वतःच म्हणायची. "यांनी मला जन्मात एकच दागिना दिला," ती चर्चच्या पायऱ्यांवर बायकांना सांगायची, "तोसुद्धा रक्तात घातला." बायका हसायच्या. क्रिसांतो टोपी पुढे ओढून घ्यायचा.

गावच्या दवाखान्यातून तिला गोळ्या मिळत. साखर मोजायचे यंत्रही एकदा मिळाले होते. त्यात घालायच्या पट्ट्या मात्र कधी यायच्या, कधी महिनोन् महिने यायच्या नाहीत. नर्सने सुरुवातीलाच नीट शिकवले होते. हात कापायला लागले, घाम फुटला, छातीत धडधडले, की साखर उतरली समजा. मग वेळ घालवू नका, गोड द्या. पट्ट्या नसल्या की घर त्या खुणांवरच चाले.

शेवटच्या वर्षात त्या खुणा वरचेवर यायला लागल्या होत्या.

"अहो," ओतिलिया अंगणातल्या धुण्याच्या टाकीपाशी बसून हाक मारायची, "आलं बघा कापरं."

क्रिसांतो घरात असला तर स्वतः उठायचा. गूळ ठेचून गरम पाण्यात विरघळवायचा आणि कप तिच्या हातात द्यायचा. ती दोन्ही हातांनी कप धरायची. "जा आता तुम्ही, काहील वाट बघत असेल," असे म्हणायची. तो जायचा. थोड्या वेळाने तिचे कापरे थांबायचे. आपल्या हातचा गूळ बायकोला उभी करतो याचे त्याला बरे वाटायचे. गुऱ्हाळावर तो हे बोलूनही दाखवायचा.

ती वाळत गेली. झगे खांद्यांवर लोंबायला लागले. लोक घोंगड्या पांघरून बसलेले असत आणि ही दार उघडे टाकून झोपे. गळा थोडा भरल्यासारखा दिसायला लागला, तेव्हा ती रुमाल बांधायला लागली. साखरेचे माणूस असेच सुकते, असे सगळे म्हणाले. क्रिसांतोलाही तेच खरे वाटले. शेवटी शेवटी तिच्या गोळ्यांत एक गोळी वाढलेली त्याने पाहिली होती. विचारले तर ती म्हणाली, "डॉक्टरीणबाईंनी दिलीय. रक्त तपासतायत. हंगाम संपू दे, मग सांगते सगळं."

हंगाम संपला नव्हता.

पुरल्यानंतर घरात नऊ संध्याकाळांची प्रार्थना बसली. पुढच्या खोलीत टेबलावर पांढरी चादर घातली. तिच्यावर ओतिलियाचा फोटो, मेणबत्त्या आणि साध्या पाण्याचा पेला ठेवला. वाटेला लागलेल्या जिवाला तहान लागते म्हणून तो पेला असतो. ओतिलियाला तर जिवंतपणीही सतत तहान लागायची. पेल्यातले पाणी रोज थोडे उतरलेले दिसे आणि एदेल्मिरा तो पुन्हा भरून ठेवी.

यानेत, क्रिसांतोची एकुलती एक मुलगी, इस्पितळातून आईला घेऊन आली ती इथेच राहिली. तालुक्याच्या गावी तिचे केस कापायचे दुकान होते. ते तिने शेजारणीवर सोपवले होते. तिलाही गेल्या वर्षी साखर निघाली होती. "आईचा झगा नाही मिळाला, दुखणं मिळालं," असे ती तेव्हा फोनवर म्हणाली होती.

एका संध्याकाळी ती जमलेल्यांना कॉफी देत होती. खोली भरलेली होती. बायका जपमाळेचे मणी ओढत होत्या. दाराजवळच्या बाकावर दवाखान्यातली डॉक्टर लिसेत बसली होती. शिक्षण संपवून एक वर्ष खेड्यात काढायचे असते, त्या नेमाने ती बुकारामांगा शहरातून इथे आली होती. यानेत तिच्यासमोर तबक घेऊन वाकली आणि तबकातले सगळे कप एकमेकांवर वाजायला लागले.

प्रार्थना थांबली.

"पोरीला कापरं भरलंय!" एदेल्मिरा उठली. "दाजी, गुळाचं पाणी!"

क्रिसांतो आधीच स्वयंपाकघरात शिरला होता. चुलीच्या कडेला गुळाच्या पाण्याचे भांडे सवयीने तयार असायचे. तो कप भरून आला तेव्हा डॉक्टरने यानेतला बाकावर बसवून तिचे मनगट धरले होते.

"थांबा काका," ती म्हणाली. "आधी बोट टोचू."

"बोट कसलं टोचता डॉक्टरीणबाई!" एदेल्मिरा म्हणाली. "पोर पडेल ना अशानं. आमच्या घराला हे नवीन नाही. आम्हाला बघितल्याबरोबर कळतं."

"एकच मिनिट, मावशी."

तिने पिशवीतून यंत्र काढले. यानेतच्या बोटावर रक्ताचा ठिपका आला. सगळी खोली त्या ठिपक्याकडे बघत होती. यंत्र वाजले. डॉक्टरने आकडा फक्त यानेतला दाखवला, पण यानेतने तो मोठ्याने वाचला.

"दोनशे साठ."

"म्हणजे कमी की जास्त?" मागून एका म्हातारीने विचारले.

"जास्त," यानेत म्हणाली. "खूप जास्त."

डॉक्टरने तिची हनुवटी हलकेच वर केली, गळ्यावर दोन बोटे ठेवली आणि म्हणाली, "गिळ बरं." यानेतने आवंढा गिळला. तिचे हात अजून कापत होते. साखर जास्त होती आणि हात कापत होते.

क्रिसांतो कप घेऊन उभा होता. कप ठेवायला त्याला जागा सापडेना. टेबलावर फोटो होता, मेणबत्त्या होत्या, पाण्याचा पेला होता. शेवटी तो कप तसाच घेऊन स्वयंपाकघरात परत गेला. मागे प्रार्थना पुन्हा सुरू झाली. तो परत आला तेव्हा कुणी त्याच्याकडे पाहिले नाही. त्यावरून त्याला कळले की सगळ्यांना समजले आहे.

प्रार्थना संपल्यावर तो डॉक्टरबरोबर अंगणात आला. उजेड अजून होता. ते धुण्याच्या टाकीपाशी, पेरूच्या झाडाखाली उभे राहिले.

"ओतिलियाला हेच होतं का?" त्याने विचारले.

"हो."

"नीट सांगा. मी शिकलेला नाही, पण समजून घेईन."

डॉक्टरने आपल्या गळ्यावर हात ठेवला. "इथे एक ग्रंथी असते. थायरॉइड. ती जोरात चालायला लागली की सगळं अंग जोरात चालतं. काळीज धावतं, हात कापतात, घाम येतो, माणूस वाळतं. अंगातली साखरही वर चढते. मग साखरेच्या गोळ्या पुऱ्या पडत नाहीत."

"चुलाणात चिपाड जास्त पडलं की पाक उतू येतो, तसं."

"अगदी तसं. आणि घोटाळा असा की साखर उतरल्यावर ज्या खुणा दिसतात ना, त्याच ह्या ग्रंथीच्याही दिसतात. एका दुखण्याच्या आड दुसरं लपून बसतं. सुरुवातीला मीसुद्धा फसले. मग त्यांचा गळा बघितला, रक्त पाठवलं. गोळी सुरू केली, मोठ्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी विम्याच्या ऑफिसात पाठवली, तारीख तेच देतात. पण फार पुढे गेलं होतं, काका. आणि तारीख आलीच नाही."

क्रिसांतो टाकीच्या कठड्यावर बसला.

"मी जे पाणी द्यायचो..."



"त्या पाण्यानं त्या गेल्या नाहीत," ती म्हणाली. "त्यांचं काळीज थकलं होतं. पण त्या पाण्यानं बरंही काही झालं नसतं. तुम्हाला खोटं सांगत नाही."

"मग ती बरी कशी व्हायची? घटकाभरात कापरं थांबायचं तिचं."

"बसायच्या ना त्या. बसलं की थोडं शांत होतं." तिने पिशवी खांद्याला लावली. "मी त्यांना बजावलं होतं, बोट टोचल्याशिवाय गोड घ्यायचं नाही. पट्ट्यासुद्धा दिल्या होत्या माझ्याकडच्या. बोलल्या नाहीत तुम्हाला?"

"नाही," क्रिसांतो म्हणाला. "माझ्यासमोर तर कप घ्यायची."

डॉक्टर जाताना फाटकापाशी थांबली.

"यानेतला उद्या सकाळी उपाशीपोटी दवाखान्यात पाठवा. हे रक्ताच्या नात्यात असतं."

यानेतचा रिपोर्ट आईसारखाच आला. डॉक्टरने गळ्याच्या ग्रंथीची गोळी सुरू केली, साखरेच्या गोळ्या वाढवल्या आणि मोठ्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी पाठवली. तो बुकारामांगाला बसायचा. त्याने तपासल्याशिवाय पुढचे काही ठरणार नव्हते. गोळीने किती दिवस भागेल, ग्रंथी कापावी लागेल का, काळजाला काही झाले आहे का, हे तोच सांगू शकत होता.

"आणि एक लक्षात ठेवा," डॉक्टरने दोघांना समोर बसवून सांगितले. "गळा शांत होत गेला की साखरही खाली येईल. तेव्हा ह्याच गोळ्या जास्त होतील. मग कापरं आलं तर ते खरंही असू शकतं. म्हणून दर वेळी बोट. अंदाज नाही करायचा."

क्रिसांतोने मान हलवली, पण त्याच्या मनात एकच गोष्ट बसली होती. घरी आल्यावर त्याने स्वयंपाकघरातली गुळाची बरणी उचलली आणि मिसाएलच्या बायकोला देऊन टाकली. माळ्यावरच्या ढेपाही दिल्या. कॉफी बिनगुळाची होऊ लागली. गुऱ्हाळाच्या वाटेला तो गेला नाही.

काही दिवसांनी मिसाएल टोपी हातात धरून अंगणात आला.

"दादा, काल पुन्हा आधण करपलं."

"दुसरा गुळव्या बघा."

"बघितला की. त्यानं केलेला गूळ खेचरापुढे ठेवला. खेचरानं वास घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच केलाय."

क्रिसांतो हसला नाही.

"लोक ऊस तोडून बसलेत, दादा. किती दिवस पडून राहील?"

"लोकांना सांग, मला गूळ करायचा नाही."

मिसाएल गेल्यावर एदेल्मिराने चुलीवरचे भांडे आपटले. बहीण गेल्यापासून तिच्या जिभेला धार आली होती.

"घरात कॉफी कडू, माणसं कडू," ती म्हणाली. "बहिणीला पाणी पाजलंत, आता आम्हाला कोरडं मारा."

यानेत म्हणाली, "मावशी!"

"काय मावशी? खोटं बोलले का?"

क्रिसांतो उठून बाहेर गेला आणि ओसरीवर सरपण फोडत बसला. पुढच्या पावसाळ्याला पुरेल इतके सरपण तिथे आधीच फोडलेले होते.

पुढच्या आठवड्यांत यानेतच्या अंगावर थोडे मांस आले. ती पुन्हा झोपायला लागली. रोज सकाळी ती बोट टोचायची आणि आकडा मोठ्याने सांगायची. आकडा उतरत होता. क्रिसांतो ऐकायचा. विम्याच्या ऑफिसातून फोन येत नव्हता.

एके दिवशी जेवणाआधी यानेतने एदेल्मिराला पेरूखाली खुर्चीवर बसवले, तिच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि केस कापायला घेतले. क्रिसांतो ओसरीवर शेंगा सोलत होता.

"मावशी, हलू नकोस."

"मी कुठे हलतेय?"

"हलतेयस. वाकडं होईल."

"अगं बाई, मी दगडासारखी बसलेय. तुझी कात्रीच हलतेय."

क्रिसांतोने मान वर केली. यानेतच्या हातातली कात्री उघडझाप न करता थरथरत होती. तिच्या ओठांवर घाम आला होता. कात्री खाली पडली.

"बाबा," ती म्हणाली. "मला नीट दिसत नाहीये."

तो शेंगांची टोपली उलटवूनच उठला. खोलीतून यंत्र आणले. त्याची बोटे जाड होती, ठिकठिकाणी पाकाने भाजून कातडी घट्ट झालेली. पहिली पट्टी त्याच्या हातून मातीत पडली. दुसरी त्याने उलटी घातली. एदेल्मिरा पुढे आली तर तो म्हणाला, "तू तिला धर." तिसरी पट्टी बसली. त्याने मुलीचे बोट टोचले. यंत्राने आकडा दाखवला. त्याने तो वाचला, यंत्र उन्हातून सावलीत धरून पुन्हा वाचला.

"अठ्ठेचाळीस," तो म्हणाला. "कमी आहे."

"नक्की?" एदेल्मिराने विचारले.

"कमी आहे. खरंच कमी आहे. गोड आण काहीतरी."

बोलल्यावर त्याला आठवले की घरात गोड काही ठेवलेले नाही. चिमूटभरही नाही. सगळे त्यानेच बाहेर काढले होते. मिसाएलचे घर चढणीच्या पलीकडे होते. यानेतची मान खुर्चीच्या पाठीवर कलली होती. ती काहीतरी पुटपुटत होती, त्याचा अर्थ लागत नव्हता.

एदेल्मिरा घरात गेली. एका बाजूचे केस कापलेले, एका बाजूचे लांब, गळ्यात टॉवेल, अशी ती बाहेर आली. तिच्या हातात उसाच्या पाल्यात बांधलेली ढेप होती.

"ही कुठली?" क्रिसांतोने विचारले.

"त्या दिवसाची. तुम्ही बाजूला ठेव म्हणालात ते आधण. मिसाएलला कळेना काय करू, म्हणून मी आणून खाटेखाली ठेवलं." मग ती ओरडली, "बघताय काय? फोडा!"

त्याने पाट्याच्या दगडावर ढेप फोडली. गूळ चांगला झाला होता. आत कण धरला होता, रंग सारखा होता. पाणी तापवायला वेळ नव्हता. त्याने चुरा कपात टाकला, त्यावर पाणी ओतले आणि बोटाने ढवळले. कप मुलीच्या ओठांशी नेला आणि तिथेच त्याचा हात थांबला.

"देऊ ना?" त्याने विचारले.

यानेतने डोळे उघडले. "द्या, बाबा."

ती प्यायली. आधी हनुवटीवरून सांडले, मग तिने दोन्ही हात वर आणून कप धरला. क्रिसांतो तिच्यासमोर जमिनीवर बसला. ह्या वेळी तो उठून गेला नाही. कपाचा तळ दिसेपर्यंत बघत बसला, मग दुसरा कप केला. थोड्या वेळाने पुन्हा बोट टोचले. आकडा वर आला होता. तिच्या गालांवर रंग आला, तिने सावकाश श्वास सोडला आणि आजूबाजूला पाहिले.

"माझी उरलेली बाजू कोण कापणार आता?" एदेल्मिरा म्हणाली. "अशीच जाऊ का मी चर्चला, अर्धी विधवा, अर्धी कुमारी?"

यानेत हसायला लागली. हसता हसता तिने डोळे पुसले.

क्रिसांतो अजून जमिनीवरच बसला होता. पेरूच्या बुंध्यापाशी मघाशी यानेतच्या हनुवटीवरून गुळाचे पाणी ओघळले होते, तिथे मुंग्या यायला लागल्या होत्या. एक आली, मग तिच्यामागून रांग लागली.

"आल्या मेल्या," एदेल्मिरा म्हणाली. "ताई होती तेव्हा ह्या झाडाखाली पाय ठेवायची सोय नव्हती, इतक्या असायच्या. ती गेली आणि ह्याही गेल्या होत्या."

क्रिसांतोला ते आठवत होते. तो हंगामभर त्या बुंध्याशी राख टाकायचा आणि मुंग्या पुन्हा यायच्या. ओतिलिया टाकीच्या कठड्यावर बसून त्याची गंमत बघायची. "असू द्या हो," म्हणायची, "त्यांनाही पोट आहे." त्याने हात लांब करून बुंध्याची साल चाचपली. मुळाजवळ, टाकीच्या कठड्यावर बसलेल्या माणसाचा हात जिथे सहज पोचेल तिथे, साल काळपट आणि चिकट होती. खाली मातीत जुन्या राखेचा थर होता. राखही गोळे होऊन घट्ट बसली होती.

त्याने बोट नाकाशी नेले. बोटाला गुळाचा वास होता.

"काय झालं, बाबा?" यानेतने विचारले.

"काही नाही," तो म्हणाला. "मावशीचे केस पुरे कर. पण आधी थोडं खा."

फोन आला तेव्हा तिघे जेवून उठले होते. यानेत पुन्हा कात्री घेऊन उभी होती. फोन क्रिसांतोने घेतला.

"ओतिलिया आर्दिला यांच्याशी बोलायचंय," एक मुलगी म्हणाली. विम्याच्या ऑफिसातून बोलत होती.

"मी तिचा नवरा."

"त्यांची तारीख आली आहे, साहेब. ग्रंथींचे डॉक्टर, बुकारामांगा, पुढचा महिना. येणार असतील तर तारीख पक्की करते."

क्रिसांतोने ओसरीच्या खांबाला हात टेकला.

"ती वारली," तो म्हणाला.

"माफ करा, साहेब. आमच्याकडे तशी नोंद नव्हती."

"असू द्या. तिच्या मुलीलाही तेच दुखणं आहे. तिची चिठ्ठी तुमच्याकडेच आलीय. ही तारीख तिला द्या."

"तसं करता येत नाही. ज्याची त्याची पाळी असते."

"आडनाव तेच आहे. घर तेच आहे. दुखणंही तेच."

"मला कळतंय, साहेब. पण मला देता येत नाही." ती मुलगी वाईट नव्हती. तिचा आवाज खाली आला. "मुलीची पाळी आली की आम्ही फोन करू. फोन जवळ ठेवा. उचलला नाही तर तारीख पुढच्या माणसाला जाते. ही रद्द करू ना?"

अंगणात एदेल्मिरा म्हणत होती, "जास्त नको ग कापू, मान दिसेल." यानेत म्हणाली, "दिसू दे. मानेत काय लपवायचंय आता?"

"करा रद्द," क्रिसांतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गुऱ्हाळावर गेला. कुणी काही विचारले नाही. चरकावरच्या माणसाने टोपीला हात लावला आणि इंजिन सुरू केले. क्रिसांतोने आधी काहिलीजवळच्या खांबाला एक खिळा ठोकला आणि त्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फोन टांगला, वाफ लागू नये म्हणून. मग त्याने मिसाएलला बोलावले आणि गार पाण्याचा वाडगा त्याच्या हातात दिला.

"हे कशाला, दादा?"

"गोळी वळायला शीक."

"तुम्ही आहात ना."

"हा वाजला तर मी जाणार," क्रिसांतोने खांबाकडे बोट दाखवले. "पाक आलेला असला तरी जाणार. तेव्हा उपसायचं तुला आहे."

मिसाएलने आधी फोनकडे पाहिले, मग काहिलीकडे, मग त्याच्याकडे. त्याने पाकाचा थेंब पाण्यात सोडला आणि बोटांनी वळायला लागला. गोळी त्याच्या बोटांत चपटी झाली.

"लवकर काढलास," क्रिसांतो म्हणाला. "पुन्हा कर."

त्याला आता महिना होऊन गेला. मिसाएलला अजून पाक नीट ओळखता येत नाही. यानेतची तारीख अजून आलेली नाही.